सुबाभळीची छाटणी

हल्ली सुबाभूळ मुद्दाम कोणी लावत नाही. लावावी लागतही नाही. नाशिकला गंगापूर रोडच्या आमच्या घरी ती कंपाउंडची भिंत आणि पाण्याची टाकी यांच्या सांदीत आली. टाकीला तडा जायची वेळ आली तेव्हा महापालिकेच्या उद्यान विभागात रीतसर अर्ज केला. (१९७५ चा झाडांच्या जतनाचा कायदा शहरात स्वतःच्या अंगणातल्या झाडालाही लागतो, हे पुष्कळांना झाड पाडल्यावर कळतं.) परवानगी मिळाली, माणसं आली, करवत चालली आणि गुडघाभर खुंट मागे राहिला. मुळं भिंतीखाली गेलेली. खणावं तर भिंत खाली येणार. जेसीबी तर त्या बोळात शिरतच नाही.

पावसाची पहिली सर पडली आणि खुंटाला धुमारे फुटले. मोडले. मग त्याच जागी झुपकाच आला.

एके काळी या झाडाला मोठा मान होता. मूळ मेक्सिकोकडचं. मणिभाई देसाईंच्या उरुळी कांचनच्या 'बाएफ' या संस्थेने आपल्याकडे त्याचा हिरिरीने प्रसार केला. झटपट वाढ, चारा, सरपण, शिवाय मुळांवरच्या गाठींमुळे जमिनीला नत्र. यातलं खोटं काहीच नव्हतं. कितीही तोडा, पुन्हा फुटते, हा तर तिचा सगळ्यात मोठा गुण! त्याच गुणापायी मी दर महिन्याला सकाळी चहाच्या आधी कोयता शोधू लागलो.

खुंट मारण्याचे उपाय गल्लीत प्रत्येकाकडे आहेत. भोक पाडून हिंग भरा. खडेमीठ भरा. रॉकेल ओता. चाणक्याने दर्भाच्या मुळात ताक ओतलं होतं, तुम्हीही ओता. ताक आम्ही प्यायलो. मिठाने सुबाभळीआधी माती नासली असती आणि भिंतीपलीकडचा शेजाऱ्यांचा कढीपत्ता हकनाक गेला असता. तणनाशक चालतं, पण त्याचीही वेळ असते. झाड कापल्या कापल्या, साल आणि लाकूड यांच्यामधल्या ओल्या कड्यावर ते लावायचं. मधल्या लाकडात जीव नसतोच. कापलेला भाग सुकला की औषध आत जात नाही. शिवाय ग्लायफोसेट हे तणनाशक कोणी मारायचं यावर केंद्र सरकारने २०२२ मध्येच निर्बंध घातले. ते काम कीडनियंत्रणवाल्यांकडून करून घ्यायचं. टाकीतलं पाणी आम्ही पितो, तेव्हा तो नाद मी सोडला.

खरं काय ते सांगितलं मेहुण्याने. त्याची दिंडोरीला द्राक्षबाग आहे. खुंटाशी उकिडवा बसला, सालीवरून अंगठा फिरवला आणि हसायला लागला. "दाजी, तुम्ही हिची छाटणी करताय. आम्ही पैसे मोजून हेच करून घेतो."

द्राक्षाची एप्रिलमध्ये खरड छाटणी, नव्या काड्यांसाठी; ऑक्टोबरच्या सुमारास गोड छाटणी, फळांसाठी. वेल कापायची ती फुटावी म्हणूनच. वर शेंडा असेपर्यंत खालचे डोळे, म्हणजे फुटीचे कोंब, दबून राहतात. शेंडा गेला की जागे होतात. ऑक्टोबरात तर डोळे एकसारखे फुटावेत म्हणून प्रत्येक काडीवर पेस्ट लावत मजूर बागेत फिरतात. सुबाभळीच्या सालीखालीही असे निजलेले डोळे असतात, फक्त दिसत नाहीत. त्याने नखाने साल जरा खरवडली. आत ओलं, हिरवंगार होतं.

"मुळांमध्ये साठवलेल्या अन्नाची ठेव आहे तोवर ही फुटणार," तो म्हणाला. "कोवळी फूट त्या ठेवीवरच वाढते. पानं जून झाली की ती परत भरणा करायला लागतात. तुम्ही एवढं एवढं वाढू देता आणि मग तोडता. पानं उलगडायच्या आत काढा, आम्ही वेलीच्या फेलफुटी, म्हणजे नको असलेल्या बगलेतल्या फुटी, काढतो तशी. बोटांनी निघते, कोयता कशाला?"

म्हणजे मी महिन्यातून एकदा त्वेषाने कोयता चालवत होतो, तेव्हा मधल्या काळात ती निवांत भरणा करत होती. आता बोटांनी खुडतो. खुंटावर काळं प्लास्टिकही बांधून पाहिलं, पण त्याच्या कडेने जमिनीलगत फूट आलीच. ती खुडायला वाकावं लागतं, एवढाच फरक. या कामात मर्दुमकी काही नाही. दात घासण्याइतकंच ते कंटाळवाणं, आणि चुकवलं की लगेच दिसतं.

मधल्या काळात एक फायदा झाला होता. मागच्या वस्तीतल्या मावशी शेळ्यांसाठी पाला न्यायच्या. या पाल्यात असं काही असतं की घोड्याने पोटभर खाल्ला तर आयाळ आणि शेपटीचे केस गळतात. शेळ्यांना मात्र इतर चाऱ्यात मिसळून घातला तर पचतो. मावशींना हे सगळं माझ्याआधीपासून ठाऊक होतं. परवा त्या फाटकाशी आल्या, रिकामी पिशवी झटकली आणि खुंटाकडे बघून म्हणाल्या, "पाला लईच कमी झालाय हो यंदा. जरा पाणी घालत जा ना त्याला."