हँडब्रेक अडकला, पण दोष केबलचा नव्हता

जुन्या गाडीचा हँडब्रेक अडकला की कानावर पडणारं पहिलं वाक्य ठरलेलं असतं: ‘केबल गेली.’ गाडी उचलायची नाही, चाक फिरवून बघायचं नाही, खाली वाकायचंही नाही. आतली दांडी दोनदा वरखाली केली की निदान झालं. माझ्या गाडीचं असंच झालं. बघायला आलेल्या मेकॅनिकने दोन्ही केबल, सगळे ब्रेक शू (मागच्या चाकाच्या गोल ड्रमला आतून दाबणाऱ्या कमानी) आणि ‘बहुतेक ड्रमसुद्धा’ अशी बदलायच्या भागांची यादी उभ्या उभ्या सांगितली. मी विचारलं, नेमकं कुठलं चाक अडकलंय? तर म्हणे, ‘ते उघडल्यावर कळेल.’ त्या उत्तराचा राग माझ्या मनातून अजून गेलेला नाही, कारण ते न उघडता कळतं, आणि फार वेळही लागत नाही. मी ते काम स्वतः केलं आणि पूर्ण केलं, म्हणून हे सविस्तर लिहितोय.

गाडी पावसात बरेच दिवस हँडब्रेक ओढून एका जागी उभी होती. परत काढायला गेलो तर दांडी व्यवस्थित खाली गेली, डॅशबोर्डवरचा लाल दिवा विझला, पण गाडी जागची हलेना. तो दिवा विझला म्हणजे ब्रेक सुटला असं अजिबात नाही. बहुतेक जुन्या गाड्यांत तो दिवा दांडीखालच्या छोट्या स्विचवर चालतो. दांडी खाली गेली एवढंच त्याला कळतं, चाकात काय चाललंय ते नाही.

अशा वेळी प्रत्येक जण एकच सल्ला देतो: गिअर टाका, जोरात रेस करा, मागेपुढे करा, सुटेल. लायनर (शूवरचा घासणारा थर) ड्रमला नुसतं गंजाने धरलं असेल तर हलक्या हाताने एकदा पुढे, एकदा मागे करून ते खरंच सुटतं, ‘टक्’ असा आवाज येतो. पण एवढ्याने सुटलं नाही तर तिथेच थांबायचं. जोर केला तर शूवर चिकटवलेलं लायनर पत्र्यापासून उखडून ड्रममध्ये सुटं पडू शकतं. चाक अर्धवट धरलेलं असताना गाडी तशीच चालवली तर ड्रम तापतो, बेअरिंगचं ग्रीस पातळ होतं, ब्रेक ऑइल उकळण्यापर्यंत जाऊ शकतं. जळका वास येईपर्यंत वाट बघू नये.

आता ती तपासणी. गाडी सपाट जागेवर, पुढच्या दोन्ही चाकांना पुढून-मागून लाकडी ठोकळे, मागची बाजू जॅकने उचलून खाली पक्के स्टँड. नुसत्या जॅकच्या भरवशावर गाडीखाली हातसुद्धा घालायचा नाही, यात सूट नाही. गाडी मागच्या चाकांवर चालणारी असेल तर गिअर न्यूट्रलला हवा, नाहीतर चाक इंजिनमुळे अडेल आणि तुम्ही ब्रेकला दोष द्याल. मग हाताने एकेक चाक फिरवायचं. माझं उजवं सहज फिरलं, डावं दगडासारखं.

बायकोला आत बसवलं आणि मी टॉर्च घेऊन डाव्या चाकाच्या मागे, केबल जिथे बॅक प्लेटमध्ये, म्हणजे ड्रमच्या मागच्या पत्र्यात, शिरते तिथे नजर लावली. ‘ओढू का?’ ‘ओढ. आता सोड. पुन्हा.’ ओढल्यावर आतली तार ताठ होत होती आणि सोडल्यावर सैल पडून चक्क हलत होती. तारेवर धूळ नसलेला एक चकचकीत पट्टा नळीतून बाहेर यायचा आणि आत जायचा. म्हणजे केबल मोकळी होती, तिचं काम करत होती. ती गंजली असती तर दांडी सोडल्यावरही तार ताठच राहिली असती. दोष ड्रमच्या आत होता.

कारण समजायला रचना ध्यानात घ्यावी. दांडी ओढली की केबल ड्रमच्या आतल्या एका पत्र्याच्या लीव्हरला खेचते. तो लीव्हर शूवरच्या एका खिळीवर फिरतो आणि दोन्ही शू फाकवून ड्रमला आतून दाबतो. सोडल्यावर स्प्रिंग सगळं मागे आणतात. खिळीवर गंज धरला की लीव्हर ओढला जातो, पण परत येत नाही. स्प्रिंगमध्ये तेवढी ताकद नसते. केबल नवी टाकली असती तरी माझं चाक तसंच अडकलेलं राहिलं असतं.

इथपर्यंत सगळं सरळ होतं. यापुढे ड्रम काढायचा होता, आणि ड्रम निघेना.

चाक काढल्यावर ड्रम नुसता ओढून निघतो असं सगळे सांगतात. जुन्या गाडीत तो तीन ठिकाणी धरलेला असतो आणि तिन्ही वेगवेगळी सोडवावी लागतात, हे कोणी सांगत नाही. एक, मधल्या भोकाशी ड्रम आणि हब (ज्यावर ड्रम आणि चाक बसतं तो मधला भाग) यांच्यात गंज. दोन, फाकून बसलेले शू. तीन, ड्रमच्या आतल्या काठावर झिजेमुळे उभी राहिलेली धार. शू जिथे घासतात तिथे ड्रम झिजत जातो, काठ मात्र तसाच राहतो, आणि बाहेर येताना शू त्या काठाला आतून अडतात. त्याच्याही आधी एक गोष्ट बघायची: तुमच्या गाडीत ड्रम आणि हब वेगळे आहेत की एकच? काही गाड्यांत बेअरिंग ड्रममध्येच असतं आणि मधला मोठा नट काढल्याशिवाय ड्रम कशानेही हलत नाही. वेगळा असेल तर त्याला धरून ठेवणारे एक-दोन छोटे स्क्रू असू शकतात. माझ्या ड्रमला एक होता, गंजून सपाट झालेला. तेल सोडून, त्यावर स्क्रू ड्रायव्हर टेकवून हातोड्याचे दोन-तीन ठोके दिले आणि मगच फिरवला, म्हणून डोकं खराब न होता निघाला.

मग गंज. हबच्या मधल्या गोल भागाभोवती वायर ब्रश मारला, गंज सोडवणारं तेल थोडं थोडं सोडलं आणि रात्रभर ठेवलं. तेल बेताने, कारण ते आत लायनरवर गेलं तर शू बाद. लायनर तेल पितं आणि मग कितीही पुसलं तरी ब्रेक नीट धरत नाही. दुसऱ्या दिवशी ठोकायला घेतलं. ठोकायची जागा म्हणजे चाकाच्या बोल्टांच्या मधली सपाट जागा, आणि तीही रबरी किंवा लाकडी हातोड्याने. ड्रम बिडाचा असतो, बाहेरच्या काठावर लोखंडी हातोडा घातला तर तडा जातो. आग लावून तापवायचा सल्लाही मिळाला, तो मी ठामपणे नाकारला. आत व्हील सिलिंडरची (पेडल दाबल्यावर ब्रेक ऑइलच्या दाबाने शू फाकवणाऱ्या भागाची) रबरं असतात, ब्रेक ऑइल असतं.

ठोकून काही झालं नाही. तेव्हा ड्रमच्या तोंडावरची दोन छोटी भोकं साफ केली. बऱ्याच ड्रमना ती असतात, गंज आणि चिखलाने भरून गेल्यामुळे दिसत नाहीत. त्यांना आटे असतात आणि ती नेमकी याच कामासाठी दिलेली असतात. त्यात मापाचे बोल्ट घालून आवळत गेलं की बोल्टचं टोक हबवर टेकतं आणि ड्रम बाहेर ढकलला जातो. माझ्या ड्रमला आठ मिलिमीटरचे बोल्ट लागले. आधी हाताने फिरवून बघायचं, सहज गेला तरच पाना लावायचा. दोन्ही बोल्ट आळीपाळीने, एकाला अर्धा वेढा, मग दुसऱ्याला अर्धा. एकच आवळत राहिलात तर ड्रम तिरका होऊन आणखी घट्ट बसतो. पाना जड लागला की थांबायचं, मधे ठोकायचं, पुन्हा आवळायचं. असं बराच वेळ चाललं. अखेर मोठा आवाज झाला आणि हब आणि ड्रम यांच्यात काळी रेघ दिसली, नखाएवढी. तो आवाज ऐकून मला झालेला आनंद शब्दांत मावत नाही.

पण ड्रम तेवढाच आला आणि पुन्हा अडला. आता गंज सुटला होता, अडत होते ते शू. इथे लोक पहारी लावतात आणि बॅक प्लेट वाकवतात. तसं करू नये. आधी गाडीत हँडब्रेकच्या दांडीजवळचं रबरी आवरण वर करून केबलचा अ‍ॅडजस्टिंग नट पूर्ण सैल केला. (हे खरं तर सगळ्यात आधी करून ठेवलं तरी चालतं.) मग बॅक प्लेटच्या मागचं रबरी बूच काढलं. त्या भोकातून अ‍ॅडजस्टरचं दात्यांचं चाक दिसतं. ते फिरवलं की दोन्ही शू एकमेकांकडे येतात. पण आपोआप अ‍ॅडजस्ट होणाऱ्या ब्रेकमध्ये त्या दात्यांवर एक पट्टी टेकलेली असते, ती ते चाक उलटं फिरू देत नाही. म्हणून दोन स्क्रू ड्रायव्हर लागतात: एका बारक्याने पट्टी दाबून बाजूला धरायची, दुसऱ्याने दाते एकेक करून मागे न्यायचे. टॉर्च दातात, मान वाकडी, आणि एक दाता सरकला की पट्टी निसटते. फिरवायची दिशा गाडीनुसार, कधी डाव्या-उजव्या चाकानुसारही बदलते. गाडीच्या मॅन्युअलमध्ये ती दिलेली असते. तेही जमत नसेल तर शेवटचा उपाय म्हणून शू धरून ठेवणाऱ्या खिळ्यांची डोकी मागून कापतात. मग शू सुटे होऊन ड्रमबरोबर बाहेर येतात. खिळे नवे मिळतात. माझ्यावर ती वेळ आली नाही. बरेच दाते सरकल्यावर त्याच भोकातून तो अडकलेला लीव्हर मागे ढकलला. तो कुरकुरत थोडासा सरकला. ड्रम जरासा परत आत ढकलून, फिरवून, दोन्ही हातांनी सरळ ओढला आणि तो हातात आला.

ड्रम उघडल्यावर फुंकर मारायची नाही आणि हवेचा पाइपही लावायचा नाही. जुन्या गाड्यांच्या लायनरमध्ये अ‍ॅस्बेस्टॉस असू शकतो आणि ती धूळ फुप्फुसाला घातक असते. मास्क लावून, ब्रेक क्लीनरने भिजवून, फडक्याने टिपून घ्यायची आणि फडकं पिशवीत बांधून टाकायचं.

आत बघितलं तर जे वाटलं होतं तेच. लीव्हरच्या खिळीभोवती तांबूस गंजाचा जाड थर, लीव्हर अर्ध्यावर थिजलेला. केबलचं टोक मात्र स्वच्छ. मी त्याचा फोटो काढून त्या मेकॅनिकला पाठवला. उत्तर आलं नाही.

पुढचं काम पटकन झालं. शू काढून लीव्हर व्हाइसमध्ये धरला, तेल सोडून मागेपुढे करत मोकळा केला, पॉलिश पेपरने घासला, खिळीला उष्णता सहन करणारं ब्रेकचं ग्रीस अगदी किंचित लावलं. तसंच ग्रीस शू जिथे बॅक प्लेटवर टेकून सरकतात त्या जागांना आणि अ‍ॅडजस्टरच्या आट्यांना. व्हील सिलिंडरची रबरी टोपी हळूच उचलून बघितली, आतून कोरडी होती. ओली असती तर सिलिंडरही बदलावा लागला असता. ड्रमवर त्याचा कमाल आतला व्यास कोरलेला किंवा ओतलेला असतो. मोजला, त्याच्या बराच आत होता. म्हणजे ड्रमही गेला नव्हता. शू मात्र झिजले होते, ते दोन्ही चाकांचे बदलले. एकाच बाजूचे बदलले तर गाडी ब्रेक दाबल्यावर एकीकडे ओढते.

एकावेळी एकच चाक उघडा, हे सांगायचं राहिलं. स्प्रिंग कुठली कुठे लागते ते विसरायला होतं, मग दुसरं चाक समोर नमुना म्हणून उपयोगी पडतं, फक्त आरशातल्यासारखं उलट समजून घ्यायचं. उघडल्या उघडल्या फोटोही काढा.

जोडताना क्रम महत्त्वाचा. आधी शू अ‍ॅडजस्टरने ड्रमजवळ आणायचे, ब्रेक पेडल काही वेळा दाबायचं आणि मग शेवटी केबलचा नट. बरेच जण उलट करतात: शू लांबच असतात आणि केबल ताणून हँडब्रेक वर धरायला लावतात. त्याने लीव्हर कायम थोडा ओढलेला राहतो आणि चाक घासत राहतं. दांडी पूर्ण खाली असताना दोन्ही चाकं मोकळी फिरली पाहिजेत. दांडी ओढताना किती दात्यांवर (किती ‘टिक्’ आवाजांनंतर) ब्रेक धरायला हवा ते मॅन्युअलमध्ये असतं, माझा पाच-सहा दात्यांवर धरतो. हबच्या तोंडावर अगदी पातळ ग्रीस लावून ड्रम बसवला, म्हणजे पुढच्या वेळी तो असा छळणार नाही. मात्र ते ग्रीस आतल्या घासणाऱ्या भागाला लागता कामा नये.

थोडं अंतर चालवून आल्यावर दोन्ही मागच्या चाकांजवळ हात नेऊन बघितलं, स्पर्श न करता. दोन्हीकडे ऊब सारखी. चढावर हँडब्रेक धरतो, सोडला की गाडी लगेच सुटते. नवे शू बसायला थोडे दिवस जातात, त्यानंतर नट पुन्हा थोडा आवळावा लागला.

आता गाडी पावसाळ्यात किंवा धुतल्यानंतर जास्त दिवस उभी राहणार असेल तर मी उभी करण्याआधी ब्रेक हलके दाबत थोडी चालवतो, म्हणजे ड्रम सुकतात. मग सपाट जागेवर पहिल्या गिअरमध्ये ठेवतो, चाकांना ठोकळे लावतो आणि हँडब्रेक ओढत नाही. ऑटोमॅटिक गाडीत ‘पी’वर ठेवून ठोकळे लावायचे. उतारावर मात्र हँडब्रेक ओढायचाच.