ज्युनिअर सिस्टरनं चूक सांगितली, त्यानंतर

मी सांगलीतल्या एका खाजगी हॉस्पिटलात मेडिसिन वॉर्डची इन्चार्ज सिस्टर आहे. "चूक झाली तर लगेच सांगा" हे आम्ही प्रत्येक नवीन बॅचला बजावतो. पण कुणी खरंच सांगायला आलं की पुढं काय काय निस्तरावं लागतं, ते कुणी शिकवत नाही. म्हणून हे लिहितेय.

नाईट संपत आली होती, ओव्हर, म्हणजे पुढच्या पाळीला पेशंट सोपवणं, सुरू व्हायची होती. जीएनएम हा नर्सिंगचा डिप्लोमा करून नुकतीच लागलेली आमची एक मुलगी ट्रॉलीपाशी घुटमळत होती. "ताई, जरा आत येता का?" ड्रेसिंग रूममध्ये तिनं ट्रे पुढं केला. ट्रेमध्ये लाल टोपणाची सिरिंज आणि इन्सुलिनची बाटली. "आजींना दहा युनिट दिलं. बाटली शंभरची होती, ते आत्ता बघितलं."

ज्यांना हे माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते. आपल्याकडे इन्सुलिनच्या बाटल्या दोन ताकदींच्या मिळतात: एका मिलिलिटरमध्ये 40 युनिट किंवा 100 युनिट. 40 साठी लाल टोपणाची सिरिंज, 100 साठी केशरी. लाल सिरिंजमध्ये 10 च्या रेघेपर्यंत ओढलं की पाव मिलिलिटर येतं, आणि 100 च्या बाटलीतलं पाव मिलिलिटर म्हणजे 25 युनिट. डोस थेट अडीच पट. आमच्या वॉर्डात कायम 40 चंच असतं. ही बाटली तासगावहून येताना आजींच्या मुलानं घरच्या औषधांबरोबर आणलेली, आणि कुणीतरी ती वॉर्डच्या फ्रीजमध्ये आमच्या बाटल्यांशेजारीच ठेवलेली.

अशा वेळी "डोळे कुठं होते?" हे पहिल्यांदा ओठांवर येतं. ते बोलून वॉर्डातली कितीतरी तोंडं कायमची बंद झालेली मी पाहिली आहेत. मी दोनच गोष्टी विचारल्या. कधी दिलंस? आजींनी काही खाल्लंय का?

वेळेला इथं फार किंमत आहे. साधं इन्सुलिन कातडीखाली दिलं की अर्ध्या तासात काम सुरू करतं आणि दोन ते चार तासांत त्याचा जोर सगळ्यांत जास्त असतो. ही मुलगी गप्प राहिली असती, तर जोर चढेपर्यंत ती कवठेमहांकाळच्या एसटीत बसलेली असती. आणि सकाळच्या सिस्टरला घामानं भिजलेल्या आजी दिसल्या असत्या, पण हे कशामुळं ते तिला कळलंच नसतं.

मावशींनी आजींना लगेच नाष्टा भरवला. आम्ही दर अर्ध्या तासानं शुगर बघायचं ठरवलं. आरएमओंना, म्हणजे हॉस्पिटलातल्या निवासी डॉक्टरांना, फोन मी करू शकले असते, पण तिला म्हटलं, "तू कर, मी इथंच उभी आहे. माफी नंतर मागू. आधी बेड नंबर, काय दिलं, किती दिलं, कधी दिलं आणि आत्ताची शुगर सांग." तिचा आवाज कापत होता, पण सगळं नीट सांगितलं. सर लगेच आले, ड्रिप सुरू केली. मध्ये शुगर 62 पर्यंत उतरली, तेव्हा शिरेतून 25 टक्के डेक्स्ट्रोज द्यावं लागलं. दुपारनंतर ती स्थिरावली, तरी संध्याकाळपर्यंत आम्ही तपासत राहिलो.

मग कागद. तिनं चार्टवर आधीच "10 युनिट" लिहून सही केली होती. "ताई, यावर गिरवू का?" नाही. जुनं लिहिलेलं वाचता येईल अशी एक सरळ रेघ मारायची, वेळ आणि सही घालायची, आणि खाली जे घडलं ते जसंच्या तसं लिहायचं. त्यात "चुकून" नको, "गडबडीत" नको. चुकीची नोंद करायचा इन्सिडंट फॉर्म वेगळा भरला.

नातेवाइकांना डॉक्टरांनी आणि मी मिळून सांगितलं. मुलगा स्वतःलाच दोष द्यायला लागला, "बाटली मीच आणलीती की ओ." त्याला समजावलं की दादा, औषध आणणं ही चूक नाही, वाचून देणं हे आमचं काम होतं. सून मात्र भडकली. ती पोरगी परत आमच्या आईंना हात लावायची नाही, म्हणाली. आम्ही तो बेड दुसऱ्या सिस्टरला दिला. सुनेचा राग रास्तच होता.

सगळ्यांत अवघड होतं ते सोबतच्या स्टाफसमोर बोलणं. दुपारपर्यंत पँट्रीत कुजबुज सुरू झालीच होती, "हिला आता मेमो येणार." मी मुलीला विचारलं, उद्याच्या ओव्हरला तू स्वतः सांगशील का? घरी जाऊन झोप, मग ठरव. दुसऱ्या दिवशी ती बोलली, थोडक्यात, रडली नाही. कुणीच काही बोलेना. मग आमच्या एक जुन्या सिस्टर म्हणाल्या, "ती बाटली माझ्यापण हातात आली होती. ऐनवेळी आकडा दिसला म्हणून ठेवून दिली." पाठोपाठ एक ब्रदर म्हणाला, "माझ्यापण."

मला त्या दिवशी खरा धक्का बसला तो इथं. दोघांनी धोका बघितला, टाळला आणि पुढच्याला सांगितलं नाही. दरवर्षी 17 सप्टेंबरला, जागतिक रुग्णसुरक्षा दिनी, आम्ही पोस्टर लावतो. हॉस्पिटलांना दर्जाची मान्यता देणाऱ्या एनएबीएचच्या तयारीत तर थोडक्यात टळलेल्या चुकांचीही नोंद करायला शिकवतात. आमच्या फाइलीत मात्र अशी एकही नोंद नव्हती. त्या दोघांपैकी एकानं चार ओळी लिहिल्या असत्या, तर त्या मुलीच्या हाती ती बाटली पडलीच नसती.

क्वालिटीच्या मीटिंगमध्ये पहिला प्रश्न आला, "कोण होतं?" मी म्हटलं, नाव शेवटी घेऊ, आधी बाटली फ्रीजमध्ये गेली कशी ते बघू. मेमोचा विषय निघाला तेव्हा मी स्पष्ट सांगितलं, की ज्यांनी लपवलं त्यांना काही नाही आणि जिनं सांगितलं तिला मेमो, असं झालं तर यापुढं आपल्याला काहीही कळणार नाही. मेट्रन मॅडम माझ्या बाजूनं उभ्या राहिल्या. मेमो टळला, तोंडी समज दिली गेली. तीही द्यायला नको होती, असं माझं आजही मत आहे.

आता घरून आलेलं इन्सुलिन आधी फार्मासिस्टकडं जातं. 100 ची बाटली ठेवावीच लागली, तर केशरी सिरिंजसकट वेगळ्या डब्यात, पेशंटचं नाव घालून. इन्सुलिन, हेपारिन (रक्त पातळ करणारं औषध) आणि पोटॅशियम देताना दुसऱ्या सिस्टरनं लेबल मोठ्यानं वाचायचं. रात्री दोघीच असतात, तेव्हा हे जड जातं. ट्रॉली सोडून दुसऱ्या टोकाला जावं लागतं. तरी करतात.

ती मुलगी आमच्याकडंच आहे. फाइलीत आता सिस्टर आणि ब्रदर लोकांचे फॉर्म येऊ लागलेत, बहुतेक टळलेल्या चुकांचे. डॉक्टर मंडळींचा अजून एकही नाही. चुकीचा डोस लिहिला गेला आणि सिस्टरनं विचारून दुरुस्त करून घेतला, तर तो फॉर्मही सिस्टरच भरते. पुढच्या मीटिंगला हा विषय मी लेखी दिलाय.