वऱ्हाडाच्या गाड्या सातपुड्यात : आमची वाटचाल

आमचा मूळ धंदा वऱ्हाडं पोचवायचा. जळगावात दोन क्रुझर. चुलतभाऊ स्टेअरिंगवर, मी फोनवर. लग्नसराईत जेवायला फुरसत नाही, आणि आषाढ लागला की गाड्या ताडपत्रीखाली. हप्ते मात्र चालूच. त्या रिकाम्या महिन्यांनीच आम्हाला सातपुड्याकडे वळवलं. श्रावणात मनुदेवीला रीघ असते. चार घरची माणसं एका गाडीत बसवायची, तापी ओलांडून आडगाव, दर्शन, धबधबा, संध्याकाळी परत. डिझेल सुटून हातात काही उरायला लागलं.

पण धबधब्यावर वर्ष निघत नाही. म्हणून पाल, सातपुड्यातलं डोंगरावरचं गाव. भुसावळ, फैजपूर, सावदा, खिरोदा करत गाडी डोंगराला लागते. फैजपूरला १९३६ साली काँग्रेसचं अधिवेशन भरलं, खेड्यात भरलेलं पहिलंच. शाळेच्या सहलीत गुरुजी ते रंगवून सांगतात, पोरं केळीचे ट्रक मोजतात.

मोठी गिऱ्हाइकं यावल-रावेरकडचे केळीवाले आणि त्यांची जळगावात राहणारी पोरं. त्यांना साग, अंजन, सालई दाखवायला गेलो तर उत्तर ठरलेलं, "भो, झाडं काय पाहायची?" मग आम्ही पायथ्याला गाडी थांबवायला लागलो. सातपुड्यातून उतरणारे नाले तिथं दगडगोटे आणि वाळूच्या जाड थरावर येतात. यालाच बजाडा पट्टा म्हणतात. पाऊस ओसरल्यावर गेलं तर वर खळाळणारं पाणी चालता चालता बारीक होतं आणि डोळ्यांदेखत वाळूत गडप होतं. एकदा एक आबा तिथं उकिडवे बसले. वरची कोरडी वाळू हातानं बाजूला सारली, खालची ओली मुठीत दाबून पाहिली. "म्हंजे आपली बोअर हितून भरते," एवढंच बोलले. पुढच्या खेपेला सगळी भावकी घेऊन आले. आमची खरी जाहिरात ती.

पालजवळचं यावल अभयारण्य १९६९ सालचं, सुमारे १७५ चौरस किलोमीटरचं. बिबट्या, अस्वल आहेत, पण दिसतीलच असं आम्ही कुणाला सांगत नाही. बरोबर तिथलीच पावरा आदिवासी पोरं वाटाडे म्हणून असतात; त्यांची मजुरी त्याच संध्याकाळी हातात. आत काडी ओढायची नाही, स्पीकर लावायचा नाही, यावर मात्र आम्ही हट्टी आहोत. फाल्गुनानंतर पानगळीचा पाचोळा असा वाळतो की एक बिडी पुरते. स्पीकर लावायचा हट्ट धरणारे ग्रुप यापायी हातचे गेले. जाऊ द्या.

भरताला जाळ लागतो, म्हणून ते अभयारण्याबाहेर, ओळखीच्या शेतात. हिवाळ्यात काड्यांच्या जाळावर हिरवी वांगी भाजायची, लाकडी बडगीत मिरची-लसणासोबत ठेचायची, वर कांद्याची पात, सोबत कळण्याची भाकरी. खरं सांगायचं तर निम्मं बुकिंग भरताचंच असतं, जंगल हे निमित्त. धंद्याला दोन्ही चालतं.

एप्रिल-मेमध्ये 'पाल थंड आहे ना?' म्हणून फोन येतात. रात्री बरं वाटतं, दुपारी ऊन ते ऊनच. तेव्हा आम्ही नाही म्हणतो. गाड्या तशाही लग्नांत अडकलेल्या असतात.

यंदापासून तोरणमाळ मुक्कामी सुरू केलंय : शहाद्याहून वर, यशवंत तलाव, सीताखाई, दुसऱ्या दिवशी परत. घाट वळणांचा आहे, त्यामुळे मोठी बस मागू नका. क्रुझरच येईल, आणि स्टेअरिंगवर चुलतभाऊच असेल.