थिजलेलं तेल

आमच्याकडे मालवणात थंडी मोजायला थर्मामीटर लागत नाही. पौषातल्या एखाद्या पहाटे न्हाणीच्या खिडकीतली खोबरेलाची बाटली पांढरी झाली, की आई आतून सांगते, "आज थंडी आसा हां." मग जो तो शाली शोधायला लागतो. खोबरेल चोवीस अंशांच्या आसपास थिजतं. म्हणजे पुण्याची माणसं ज्या हवेत पंखा एकवर ठेवून झोपतात, त्या हवेत आम्ही कानाला मफलर गुंडाळतो.

अशी आम्ही चौदा माणसं गणपती पोचवून आणि भातकापणी लागायच्या आत हिमाचलातल्या स्पितीला निघालो. लोकरीचं धड वस्त्र एकाच्याही घरात नव्हतं. माझा स्वेटर पुण्याच्या ताईचा. बापूकाकांचा कोट कुठून आला ते त्यांनी शेवटपर्यंत सांगितलं नाही, पण त्याच्या बाह्या कोपराच्या थोड्याच खाली संपत होत्या.

एकदम उंचावर गेलं की डोकं धरतं, म्हणून सिमला, कल्पा, काझा असे टप्प्याटप्प्याने चढत गेलो. तेल सिमल्यातच पांढरं झालं. कल्पाला मी ते केसांच्या आकड्याने टोकरून काढलं. काझ्याच्या पुढे बाटलीत आकडाही शिरेना. काकीने घरून आणलेलं खाजं मात्र उलट वागत होतं. त्याची बंद पिशवी दर घाटागणिक फुगत गेली आणि शेवटी जाळ्यात आलेल्या केंड माशासारखी टम्म झाली. आत कोंडलेली हवा आमच्या गावची, बाहेरची विरळ. दुसरं काय होणार!

काझ्यावरून लांग्झा गावात गेलो. उंची ४,४०० मीटर, म्हणजे समुद्र जितका लांब राहावा तितका लांब. तिथे एका मुलाने खिशातून काळा दगड काढून दाखवला. दगडावर शंखासारखं नीट वेटोळं, त्यावर बारीक शिरा. तो अ‍ॅमोनाइट या कवचाच्या समुद्री प्राण्याचा जीवाश्म होता. हिमालय उभा राहण्याआधी तिथे टेथिस समुद्र होता, आणि हे प्राणी संपून साडेसहा कोटी वर्षं झाली. ड्रायव्हर हे सगळं हिंदीत समजावत होता. बापूकाकांचा जन्म रापणीवर, म्हणजे किनाऱ्यावरून मासळीचं जाळं ओढण्यात गेलेला. त्यांनी दगड उलटासुलटा केला, अंगठ्याने कड चाचपली आणि विचारलं, "ह्यां खातत काय रे?"

चंद्रतालचा कॅम्प सुमारे ४,२५० मीटरवर. तळ्याच्या अगदी काठावर तंबू ठोकायला बंदी आहे, त्यामुळे तो अलीकडेच असतो. तळं बघून सगळे गप्प झाले, त्याबद्दल मीही गप्पच राहते. खरी गंमत तंबूतल्या स्वयंपाकघरात झाली.

बापूकाकांनी घरून दोन किलो उकडे तांदूळ आणले होते. चार दिवस पोळ्या खाऊन जीव कातावला होता आणि संध्याकाळी त्यांना पेज हवी होती. कॅम्पच्या आचाऱ्याला बाजूला सारून त्यांनी स्वतः टोप चढवला. पाणी लगेच खळाखळा उकळलं. अर्धा तास झाला, पाऊण तास झाला. काकीने शीत दोन बोटांत चेपलं आणि जाहीर केलं, "भात शिजाक नाय." पुन्हा पाणी, पुन्हा उकळी. दीड तासानेही दाणा मधे टचटचीत तो टचटचीतच.

मालवणात पाणी शंभर अंशांवर उकळतं, शाळेच्या पुस्तकात लिहिलंय तसंच. तिथे हवेचा दाब आमच्याकडच्या साठ टक्क्यांच्या घरात, त्यामुळे ते शहाऐंशीच्या आसपासच उकळायला लागतं आणि मग कितीही जाळ लावा, पुढे चढत नाही. मी हे सांगायला तोंड उघडलं, तेवढ्यात काकांनीच टोपात डोकावून निकाल दिला, "पाणी उकळता, पण तापणा नाय." माझं भौतिकशास्त्र तिथेच आटपलं. आचारी मिशीत हसत कुकर घेऊन आला. मोजून आठ शिट्ट्या झाल्या. वर आमसुलाचं सार आणि सुक्या बांगड्याचा तुकडा. बाहेर पाणी गोठायची थंडी होती आणि आत चौदा माणसं फुर्र फुर्र करून पेज ओढत होती.

त्या रात्री मी तेलाची बाटली रजईत घेऊन झोपले. सकाळी कडेकडेने जरासं सुटलं, ते वेणीला चोपडलं. झाकण नीट लावलं की नाही, लक्षात नाही. दगड झालेलं तेल कुठे सांडणार, असा विचार.

कुडाळ स्टेशनवर उतरलो तेव्हा ऑक्टोबरचं ऊन तापलं होतं. घरी बॅग उघडली तर बाटली निम्मी, आणि उरलेलं निम्मं ताईच्या स्वेटरमध्ये. तीन वेळा धुवून, वाळवून, देवाचं नाव घेऊन तो पुण्याला पाठवला.

आठवड्याने ताईचा फोन आला. "अगो, स्वेटराक खोबरेलाचो वास येता."

म्हटलं, परत पाठव, ड्रायक्लीनला देते.

थोडा वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, "रवांदे."