प्रिन्स स्ट्रीटच्या आजी आणि शुक्रवारचं पाकीट

मी बॉस्टनला होम केअरमध्ये फिजिओथेरपिस्ट आहे. पेशंट हॉस्पिटलातून घरी आला की त्याच्या घरी जाऊन त्याला उठवायचं, चालवायचं, जिने चढायला शिकवायचं, आणि मग संध्याकाळी लॅपटॉपवर नोट्स भरत बसायचं असं काम. नॉर्थ एंड म्हणजे इथला जुना इटालियन भाग, तिथला पेशंट आला की आमच्यातले बरेच जण नाक मुरडतात, कारण तिथे पार्किंग मिळणं म्हणजे लॉटरी, मी मात्र स्वतःहून घेते, हेमार्केटला ट्रेनमधून उतरायचं आणि पाठीवर बॅग टाकून चालत सुटायचं. जुन्या विटांच्या इमारती, खाली बेकऱ्या आणि रेस्टॉरंटं, वर घरं, आणि जवळजवळ कुठेच लिफ्ट नाही. फिजिओला अजून काय पाहिजे!

ही गोष्ट २०२२ च्या ऑगस्टची. पेशंट म्हणजे प्रिन्स स्ट्रीटवरच्या एक आजी, वय शहाऐंशी, नाव अर्थातच सांगणार नाही. खुब्याचं हाड मोडलेलं, अर्धा सांधा बदललेला, रिहॅबमधून घरी आलेल्या. घर अमेरिकन हिशोबाने चौथ्या मजल्यावर म्हणजे आपला तिसरा, जिना इतका अरुंद की दोन माणसं शेजारी उभी राहिली तर खांदे घासणार आणि कठडा एकाच बाजूला. घरात वॉकर घेऊन त्या छान फिरायच्या पण जिन्याचं नाव काढलं की आज गुडघा दुखतोय, आज हवा बरी नाही, आज मुलगा येणार आहे.

मग एक दिवस त्यांनीच विषय काढला. रविवारी सेंट अँथनीची मिरवणूक आहे, मला खाली जायचंय. आणि लगेच घाबरून विचारलं, खाली गेले तर इन्शुरन्सवाले तुझं येणं बंद करतील का? प्रश्न बरोबर होता, मेडिकेअरचा, म्हणजे म्हाताऱ्यांच्या सरकारी आरोग्य विम्याचा, नियमच आहे की घरी येऊन सेवा हवी असेल तर पेशंटला घराबाहेर पडणं खरोखर अवघड पाहिजे. पण कधीमधी थोडा वेळ बाहेर जायला आणि धार्मिक कार्यक्रमाला जायला परवानगी असते. म्हटलं आजी, देवाचं काम आहे, चालतंय. माझी त्या रविवारी ड्यूटी होतीच.

ही मिरवणूक म्हणजे काय ते सांगायला पाहिजे. १९१९ साली इटलीतल्या अवेलिनो जवळच्या मोंतेफाल्चोने गावातून आलेल्या लोकांनी हा उत्सव सुरू केला, दरवर्षी ऑगस्टच्या शेवटच्या वीकेंडला असतो. रविवारी दुपारी बाराला मूर्ती बाहेर पडते आणि रात्री दहापर्यंत गल्लोगल्ली फिरते, खांद्यावर घेणारे घामाघूम, बँड, वरून कागदाचे तुकडे, आणि मूर्तीला रिबिनींवर लोक नोटा टाचतात. गणपती तीन दिवसांवर आले होते आणि मी इथे हे बघत होते, विसर्जनाची मिरवणूकच, फक्त शेवटी बुडवत नाहीत. बाय द वे, १९१९ हेच साल ते मळीच्या पुराचं. त्या जानेवारीत इथल्याच कमर्शियल स्ट्रीटवर मळीची पन्नास फुटी टाकी फुटली, तेवीस लाख गॅलन मळी लाटेसारखी आली आणि २१ माणसं मेली. आजींच्या आईने पाहिलेलं. उन्हाळ्यात अजून वास येतो असं इथले म्हातारे सांगतात. मला आजवर आला नाही, मला लसणाचाच येतो.

तर रविवारी सकाळी पोचले, तर आजींचा मुलगा आलेला. वय साठीच्या आसपास, राहतो मेडफर्डला. नॉर्थ एंड म्हणजे एक चौरस मैलसुद्धा नसलेला तुकडा, १९३० च्या सुमारास इथे चाळीस हजारांवर माणसं आणि जवळपास सगळी इटालियन. आता निम्म्याहूनही कमी. पोरं शिकली, मेडफर्ड, रिव्हियर, सॉगसला अंगणवाली घरं घेतली, आणि तिकडून दर उत्सवाला येऊन जुन्या गल्लीच्या आठवणी काढतात. मला तसा तो माणूस आवडतो, बोलका आहे, आईचं करतो, पण त्याचा एक टेप ठरलेला. आमच्या वेळी दाराला कुलूप नव्हतं. रात्री दोन वाजता पोरगी एकटी घरी आली तरी कुणाची हिंमत नव्हती तिच्याकडे बघायची. का? कारण समोर ‘ते’ बसलेले असायचे.

‘ते’ म्हणजे इथले माफियावाले, जेनारो ऊर्फ जेरी अँजुलो आणि त्याचे भाऊ. त्यांचा अड्डा ९८ प्रिन्स स्ट्रीट, आजींच्या घरापासून हाकेच्या अंतरावर. बाहेरून बघाल तर काही कळणार नाही. जेरीच्या आईबापांचं किराणा दुकान, हा दुसऱ्या महायुद्धात नेव्हीत होता, परत येऊन आकड्याच्या धंद्यात शिरला, मग सट्टा, मग व्याजाने पैसे देणं, आणि प्रॉव्हिडन्सच्या माफिया बॉसच्या, रेमंड पॅट्रिआर्काच्या हाताखाली बॉस्टनचा सगळा कारभार. वर्षानुवर्षं पोलिसांना हाताला लागत नव्हता कारण ही गल्लीच त्याची पहारेकरी, नवीन चेहरा दिसला की दहा खिडक्या उघडायच्या. शेवटी १९८१ च्या जानेवारीत एफबीआयने रात्रीत आत शिरून मायक्रोफोन बसवले आणि तीन-चार महिने सगळं ऐकलं. १९८३ च्या सप्टेंबरात त्याला रेस्टॉरंटात जेवताना पकडला, तेव्हा म्हणे तो म्हणाला की पोर्क चॉप थंड व्हायच्या आत परत येतो. कसला येतोय, १९८६ मध्ये ४५ वर्षांची शिक्षा. २००७ ला सुटला, २००९ मध्ये नव्वदाव्या वर्षी गेला, आणि सेंट लेनर्ड चर्चमधून थाटात अंत्ययात्रा निघाली. आजींचा मुलगा त्या अंत्ययात्रेला होता, फोनमध्ये फोटो आहेत, मला दाखवून झालेत. त्यात गंमत अशी की एफबीआयला या अड्ड्याची माहिती पुरवणाऱ्यांत साउथ बॉस्टनचा व्हाइटी बल्जर, जो स्वतः एक नंबरचा खुनी. मुलाला हा मुद्दा फार आवडतो. यात मात्र तो चूक नाही.

असो. बीपी घेतलं, १४८ वर ८२, ऑक्सिजन छान, आजींनी लिपस्टिक लावलेली. कमरेला पट्टा बांधला, एका हातात कठडा, दुसऱ्यात काठी, मी एक पायरी खाली, तोंड त्यांच्याकडे. मुलगा वॉकर मिटून घेऊन पुढे, एक मजला खाली. पायऱ्यांसाठी इथे पेशंटला एक सोपी युक्ती शिकवतात, चांगला स्वर्गात, वाईट नरकात. म्हणजे चढताना चांगला पाय आधी टाकायचा, उतरताना ऑपरेशनवाला. आजी थांबून म्हणाल्या, म्हणजे मी आता नरकाकडे निघालेय. म्हटलं हो, पण हळूहळू जाऊ.

पहिला मजला उतरल्यावर लँडिंगवर मी फोल्डिंगची खुर्ची ठेवली होती. आजींना धाप लागली नव्हती पण हात थरथरत होते, कठडा घट्ट धरून धरून बोटांची पेरं पांढरी. बसवलं. अशा वेळी पेशंटशी बोलत राहायचं असतं म्हणजे भीती कमी होते, म्हणून मी सहज विचारलं, लहानपणी इथूनच मिरवणूक बघायचात का? तर त्या भलत्याच विषयावर गेल्या. म्हणाल्या मी चौदा वर्षांची असताना याच रस्त्याच्या खालच्या टोकाला ब्रिंक्सचा, म्हणजे पैशांची ने-आण करणाऱ्या कंपनीवरचा, दरोडा पडला. १७ जानेवारी १९५०, मुखवटे घालून आलेली माणसं, रोख बारा लाख डॉलर आणि चेक वगैरे धरून सत्तावीस लाखांच्या वर, त्या काळची देशातली सगळ्यात मोठी लूट. पोलिस दारोदार फिरत होते. माझ्या आईने हात हलवत सांगितलं, नो इंग्लिश, नो इंग्लिश. आणि आजी हसायला लागल्या. आई इंग्रजी फर्स्ट क्लास बोलायची म्हणे, फॅक्टरीत सुपरवायझरशी भांडायची! चोर सापडले १९५६ मध्ये, कायद्याची मुदत संपायला काही दिवस राहिले असताना.

खालून मुलगा ओरडला, मॉम तो जेरीचा किस्सा सांग तिला, बर्फात गाडी खणून काढायला त्याची माणसं आली होती तो. बर्फाचा किस्सा मी त्याच्याकडून आधी ऐकलेला. आजी काही बोलल्या नाहीत. उठल्या, काठी पुढे, दुखरा पाय, मग चांगला पाय. मधेच, म्हणजे दोन मजल्यांच्या बरोबर मध्ये, जिथे मी कुणालाच थांबू देत नाही, तिथे थांबल्या आणि खाली बघून मुलाला म्हणाल्या, ती माणसं बर्फासाठी आली नव्हती. शुक्रवार होता.

मला आधी काही कळलं नाही. माझं लक्ष त्यांच्या गुडघ्याकडे.

मग एकेका पायरीवर थोडं थोडं बाहेर आलं. आजोबा हेमार्केटच्या बाजारात भाजीच्या गाड्यावर. माणूस चांगला पण कुत्र्यांच्या शर्यतीचा नाद, रिव्हियरला वंडरलँडचा ट्रॅक होता तिथे जायचे, आणि रोजचा आकडा वेगळाच. एका हिवाळ्यात ‘त्यांच्याकडून’ पैसे घेतले. व्याज आठवड्याला, आणि गोम अशी की दर आठवड्याला जे भरायचं ते नुसतं व्याज, मुद्दल जागेवरच. एक शुक्रवार चुकला की माणसं दारात यायची, अगदी नम्र, आजींना मॅडम म्हणायची. त्या दिवशी आली, पैसे नव्हते, तर जाता जाता गाडीवरचा बर्फ काढून गेली. आमची गाडी कुठली आहे ते त्यांना माहितीये हे आम्हाला कळावं म्हणून, आजी म्हणाल्या. पुढे पाकीट द्यायला आजीच जायला लागल्या कारण आजोबांच्या हातात दिलं तर ते वाटेत कमी व्हायचं. शिवणकामाच्या फॅक्टरीतला पगार, ओव्हरटाइम, सगळं त्यात. किती वर्षं? तू हायस्कूलला जाईपर्यंत.

मुलगा वॉकर धरून उभा. त्याच्या डोक्यात ती बर्फाची गोष्ट पन्नास वर्षं दुसऱ्याच रंगाची होती, मोठी माणसं आमच्या बापाला मानायची अशी. तो एवढंच म्हणाला, मग मला का नाही सांगितलं. आजी म्हणाल्या, तुला त्यांचं कौतुक होतं, आणि तुझ्या बापाला ते बरं वाटायचं. मी म्हटलं आजी, पुढची पायरी. काय करणार, वीस मिनिटं पायावर उभ्या होत्या, गोष्ट कितीही मोठी असली तरी खुबा नवा आहे.

मला खरं सांगायचं तर या गल्लीतल्या म्हाताऱ्या लोकांचे किस्से मी निम्मेच धरते. प्रत्येकाने काही ना काही पाहिलेलं असतं, प्रत्येकाच्या चुलत्याने जेरीला एकदा कॉफी पाजलेली असते. पण या आजींचं मला पटलं ते यासाठी की त्यात त्यांचा काही मोठेपणा नव्हता. आणि एक लक्षात आलंय, ती सेफ्टीची आणि कुलपाची गोष्ट मला सांगतात ते बहुतेक पुरुष, आणि बहुतेक इथून बाहेर गेलेले. कुलपाबद्दल आजींचं म्हणणं होतं की चोरायला होतं काय आमच्याकडे, भांडी?

खाली पोचलो. दारातच टूरवाल्यांचा घोळका, छत्री उंच धरलेला गाईड, आणि तो नेमका पोर्क चॉपवर आलेला. लोक हसत होते, कुणी व्हिडिओ काढत होतं. आजी वॉकर धरून उंबऱ्यात उभ्या, त्यांना पुढे जायला जागाच नाही. मला हळूच म्हणाल्या, ते चॉप कुणाच्या पैशाचे होते ते विचार त्याला. मी कशाला विचारतेय, मी युनिफॉर्ममध्ये. मग त्यांनीच आवाज चढवला, एक्सक्यूज मी, मला बघायचाय तो संत तिकडून येतोय, तुमचा हा संत नाही. गाईड चपापला, घोळका बाजूला झाला. एक बाई आजींचा फोटो काढायला लागली तर मुलाने मध्ये हात घातला. सकाळी हाच त्या गाईडला दोन किस्से स्वतः जोडून देणार होता अशी माझी खात्री आहे.

मिरवणूक यायला बराच वेळ लागला, ऊन भयंकर, मी आजींना दारातल्या सावलीत खुर्चीवर बसवून पाणी पाजत होते आणि मनात हिशोब चालू की हा वेळ नोटमध्ये कसा बसवायचा, कारण व्हिजिट पाऊण तासाची आणि आम्ही केव्हाचे त्याच्या पलीकडे गेलेलो. आधी बँड आला, मग गर्दी, मग मूर्ती, नोटांच्या झिरमिळ्या लागलेली. मूर्ती इमारतीसमोर थांबली. आजी उठून उभ्या राहिल्या, वॉकरला हात फक्त टेकलेले, म्हणजे जवळजवळ स्वतःच्या पायावर. मुलाने पाकिटातून शंभराची नोट काढली. आजींनी ती बघितली, परत त्याच्या खिशात घातली आणि स्वतःच्या पर्समधून दहाची काढली. म्हणाल्या, याला दर आठवड्याला द्यावं लागत नाही, आणि कमी दिलं म्हणून घरी माणसं पाठवत नाही. टाचणारा पोरगा हे ऐकून नुसता बघत राहिला.

वर चढणं उतरण्यापेक्षा सोपं गेलं, बऱ्याच पेशंटचं तसंच होतं. चांगला पाय आधी. मुलगा यावेळी मागे, मी शिकवलं तसा एक हात पट्ट्यावर. प्रत्येक लँडिंगवर तो काहीतरी विचारायचा, पाकीट कुणाकडे द्यायचीस, बाबांना कधी मारलं का, किती होते एकूण. आजी कधी उत्तर द्यायच्या, कधी मला विचारायच्या किती पायऱ्या राहिल्या.

नोटमध्ये मी लिहिलं: तीन मजले उतरणे व चढणे, आधारासाठी हात लावून, मध्ये बसून विश्रांती, वेदना दहापैकी तीन, धार्मिक कार्यक्रमासाठी बाहेर. सुपरवायझरने दुसऱ्या दिवशी फोन करून विचारलंच, इतका वेळ का? म्हटलं जिना अरुंद आहे.

पुढच्या खेपेला गेले तर आजींनी नवीन टार्गेट स्वतःच ठरवून ठेवलेलं, शुक्रवारी हेमार्केटला जाऊन टोमॅटो घ्यायचे, कारण मुलगा मेडफर्डच्या सुपरमार्केटातून आणतो ते कच्चे असतात. मी सांगितलं की तेवढं चालायला लागलात तर मेडिकेअरच्या नियमाने माझं येणं बंद होईल. त्या म्हणाल्या मग होऊ दे की.