मोस्कातेल आणि फ्लान: फसलेली जोडी

स्पेनमधल्या मालागातल्या आमच्या रेस्टॉरंटमध्ये त्या रात्री २४ जणांचं जेवण होतं. शेवटी फ्लान, म्हणजे कॅरमल घातलेलं अंडी-दुधाचं कस्टर्ड, आणि सोबत मालागाचीच मोस्कातेल, म्हणजे मोस्कातेल द्राक्षांची गोड पांढरी वाईन, असं आधीच ठरलेलं. दुपारी चार वाजता शेफने आणि मी दोन्ही पहिल्यांदाच एकत्र चाखलं. फ्लानच्या आधी वाईनला मोगरा, संत्र्याची फुलं, बेदाणे असा भरभरून वास होता. फ्लानचा एक घास खाऊन पुन्हा घोट घेतला, तर तीच वाईन आंबट आणि पाणचट लागली. मागे कडवट चव रेंगाळत राहिली.

पदार्थ वाईनपेक्षा गोड झाला की वाईनमधली साखर जिभेला जाणवतच नाही, नुसतं आम्ल वर येतं. त्यात आमचं कॅरमल चांगलंच गडद केलेलं, त्याचा कडूपणा वाढीव. डार्क चॉकलेटही या वाईनचं असंच वाटोळं करतं. त्याला पेद्रो हिमेनेस ही काळीभोर, दाट, गोड वाईन हवी.

वाईन बदलायची नाही, हे मी तिथेच ठरवलं. मालागाजवळच्या कोम्पेता गावाच्या बाजूच्या डोंगरउतारावरची ती वाईन. तिथले मळे इतके चढे असतात की तोडणीचे क्रेट खेचरांवर लादून आणतात. आपल्या तासगावला बेदाणा सावलीत, जाळ्यांवर सुकतो. इथे मोस्कातेलचे घड थेट उन्हात पसरतात, हाताने उलटतात आणि रात्री दवापासून झाकून ठेवतात. पाणी उडालं की साखरेबरोबर आम्लही घट्ट होतं, म्हणून ही वाईन गोड असूनही चिकट लागत नाही. रसात अल्कोहोल मिसळून केलेली, साधारण १५ टक्क्यांची मिस्तेला वेगळी. ती स्वस्त आणि चांगलीही असते, पण जास्त जड लागते.

मग फ्लान रद्द करून बदामाचा केक घ्यायचं ठरलं. आमचं नेहमीचं माप २५० ग्रॅम बदामाची पूड, ५ अंडी, २५० ग्रॅम साखर आणि एका लिंबाची किसलेली साल. मी साखर एकदम १२० वर आणायला सांगितली, आणि ती चूक ठरली. फेटलेल्या अंड्यांचा फेस साखरेच्या आधारानेच टिकतो. केक मधोमध बसला, आतून ओलसर दडस राहिला. दुसऱ्या खेपेला १७० ग्रॅम घातली, १७५ अंशांवर ३५ मिनिटं भाजला आणि वरून भुरभुरायची पिठीसाखर वगळली. आता घासानंतरही वाईन गोडच लागत होती, आणि लिंबाच्या सालीमुळे तिच्यातला संत्र्याचा वास आणखी उघडला. असे दोन केक केले, प्रत्येकी १२ तुकडे.

केकच्या आधी वाल्देओन हे निळं चीज ठेवलं, माणशी २५ ग्रॅम, तासभर आधी फ्रिजबाहेर काढून. खारटपणा आणि ही गोडी एकमेकांना छान धरतात. काब्रालेस हे दुसरं निळं चीज मला कितीही आवडलं तरी ते इतकं तिखट असतं की वाईनचा वास दाबून टाकतं.

सुरुवातीच्या आहोब्लांकोबरोबर, म्हणजे बदाम-लसणाच्या थंडगार सूपबरोबर, ही वाईन देऊ नका असं मी शेफला सांगितलं. त्यात व्हिनेगर असतं. आंबट पदार्थापुढे वाईनमधलं आम्ल हरवतं आणि ती नुसती गुळचट होते. शेफचं म्हणणं वेगळं: त्या सूपवर मोस्कातेलचीच द्राक्षं घालतात, मग वाईन का नको? लिटरभर सूपमधलं ३० मिलि व्हिनेगर १५ वर आणून चाखलं, तर जोडी जमली. त्यांचं बरोबर होतं. तरी त्या रात्री सूपबरोबर वाईन दिली नाही, कारण बाटल्या मोजक्या होत्या. माणशी ६० मिलि म्हणजे १४४० मिलि. अर्ध्या लिटरच्या तीन बाटल्या जेमतेम पुरतात, म्हणून चौथी हाताशी ठेवली.

बाटल्या बर्फ आणि पाणी एकत्र असलेल्या बादलीत २५ मिनिटं ठेवल्या. नुसत्या बर्फात मध्ये हवा राहते, बाटली नीट गार होत नाही. ९ अंशांवर ओतली. फ्रिजमधून थेट काढली तर वास मिटलेला असतो, आणि १६ अंशांवर ती पाकासारखी लागते. ग्लास पांढऱ्या वाईनचेच, लिकरचे इवलेसे नव्हेत, कारण त्यांत वास फिरायला जागाच नसते.

चौथी बाटली उघडावी लागली. तिच्यातली उरलेली बूच लावून फ्रिजमध्ये ठेवली, आणि दुसऱ्या दिवशी दुपारी कमी व्हिनेगरच्या आहोब्लांकोबरोबर संपवली.