गोवरातला जीवनसत्त्व अ चा दुसरा डोस आणि कुलूपबंद कपाट

आमचं गाव यवतमाळ जिल्ह्यात. वेचणीचे दिवस होते. 15 महिन्यांच्या लेकाला ताप, खोकला, नाक वाहतंय, डोळे लालबुंद. तीन-चार दिवसांनी कानामागे पुरळ उठलं, मग तोंडावर, मग छाती-पोटावर. सासूबाई म्हणाल्या, "माय आली वं, दवाखान्यात नको नेऊ." कडुनिंबाचा पाला मी उशाशी ठेवू दिला, पण आशाताईंना त्याच सकाळी बोलावलं. डॉक्टरांनी गोवर ओळखला, रक्ताचा नमुना घेतला, जीवनसत्त्व अ चा डोस पाजला.

हा डोस लागोपाठ दोन दिवस द्यायचा असतो. वर्षावरच्या बाळाला दर वेळी 2 लाख युनिट. गोवरात डोळे जाऊ शकतात, त्यासाठी. आणि आमचा दुसरा दिवस निघाला रविवार! औषधाच्या कपाटाला कुलूप, चावी ज्याच्याकडे तो गावाला गेलेला. तिथला कर्मचारी म्हणाला, "उद्या या." मी बाकावरून उठलेच नाही. मग कार्ड बघून म्हणे, "नवव्या महिन्यात दिलाय की, आता कशाला?" अहो, तो जीवनसत्त्व अ चा नेहमीचा डोस, हा गोवर झाला म्हणून द्यायचा! आधीचा कधीही झालेला असो, हे दोन द्यावेच लागतात, असं डॉक्टरांनी आदल्या दिवशीच सांगितलं होतं. पोरगं मांडीवर कण्हत होतं, उजेडाकडे डोळे उघडत नव्हतं. दुपार कलल्यावर डॉक्टरांना फोन लागला, चावी आली. चमचाभर पिवळं औषध त्याच्या घशाखाली उतरलं तेव्हा मला रडूच कोसळलं. राग अजून गेलेला नाही. पहिल्या डोसालाच विचारून ठेवा, उद्या कोण देणार, आणि दोन्ही तारखा चिठ्ठीवर लिहून घ्या.

अंगावरचं दूध आणि पातळ वरण चालूच ठेवलं. तापाला पॅरासिटामॉल, तेही वजन करून. श्वास जोरात चालला, छाती आत ओढली, झटका आला, पाणीही घेईना किंवा बुबुळ धुरकट दिसलं, तर थेट मोठा दवाखाना.

हो, एक राहिलंच. पुरळ उठायच्या 4 दिवस आधीपासून नंतरच्या 4 दिवसांपर्यंत गोवर पसरतो, म्हणून जावेच्या तान्ह्या लेकीला मी माहेरी पाठवायला लावलं. एमआरचा, म्हणजे गोवर-रुबेला लशीचा, दुसरा डोस 16 ते 24 महिन्यांत असतो. गोवर होऊन गेला तरी तो चुकवू नका, आम्ही घेतला.